मुकादमबाईंचा खड्डा

मुकादमबाईंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मुकादम त्या कधीच नव्हत्या. दवाखान्यात झाडूवाली म्हणून लागल्या आणि झाडूवाली म्हणूनच निवृत्त झाल्या. मधल्या काळात खरेखुरे मुकादम कितीतरी आले आणि बदलून गेले. पण वॉर्डाच्या दारात लोक चपला काढायचे ते त्या मुकादमांना भिऊन नव्हे, बाईंना भिऊन. मोठे डॉक्टरसुद्धा उंबऱ्याशी थबकून विचारायचे, "बाई, वाळली का फरशी?" मग बाई वाकून, एक डोळा बारीक करून फरशीवर पडलेला उजेड बघायच्या. त्यांनी मान हलवली तरच डॉक्टरांचा बूट आत पडायचा.

पुसताना त्या कधी पुढे गेल्या नाहीत. खोलीच्या पार टोकाला सुरुवात करायची आणि फडकं डावी-उजवीकडे वळवत मागे मागे दारापर्यंत यायचं. "आपण पुसलेल्यावर आपलाच पाय पडला तर ते पुसणं नव्हे, ते बरबटणं," असं त्या नव्या बायकांना सांगायच्या. देवावर त्यांची श्रद्धा होती, पण देवाकडे मागणं असं फार नव्हतं. सकाळी डोळे उघडले की हात जोडायचे, दोन शब्द मनातल्या मनात बोलायचे आणि खराटा उचलायचा. त्यांच्या लेखी दोन्ही एकाच कामाचे भाग होते.

निवृत्त झाल्यावर दवाखान्याची खोली सोडावी लागली. बाईंचे यजमान बस चालवायचे. तेही घरी बसलेले. दोघांनी मिळून वस्तीच्या टोकाला, उतारावर एक घर बांधून ठेवलं होतं, तिथे सगळे राहायला आले: हे दोघं, पंप दुरुस्त करणारा मुलगा आणि सून. घर लहान, पण मागे जागा ऐसपैस. जागा कसली, माळ! पहार मारली तर ठिणगी उडेल असा मुरूम. नळाला दिवसाआड पाणी. पाऊस म्हणाल तर रुसलेल्या जावयासारखा. येतो येतो म्हणायचा आणि यायचा नाही. आलाच तर धो धो कोसळायचा आणि उतारावरून धावत निघूनही जायचा. अंगणाला ओल लागली न लागली तोच पुन्हा धूळ.

बाईंनी ती जागा पाहिली आणि त्यांना दिसली फरशी. आख्ख्या जन्मात त्यांच्या वाट्याला स्वतःचं असं अंगण आलं नव्हतं.

"मागे सगळा कोबा करून घेऊ," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत. सकाळी बादलीभर पाणी मारलं की आरसा."

सूनबाई म्हणाली, "आई, मागे बाग करू या ना."

सून रोपवाटिकेत कामाला होती. बोलायला मऊ, पण आतून चिवट. ओल्या दोरीसारखी, जितकी ओढाल तितकी घट्ट बसणारी. रोपवाटिकेने तिला एका शिबिराला पाठवलं होतं. कमी पावसाच्या, उन्हाच्या मुलखात जमीन न थकवता झाडं कशी वाढवायची ते तिथे शिकवत. पर्माकल्चर म्हणतात त्याला. तिथून आल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जेवताना तिने ताटातल्या भाताचा डोंगर करून त्यावर आमटी ओतून दाखवली. "हे बघा बाबा, पाणी सरळ खाली पळालं. आता आडवी रेघ मारते. बघा, थांबलं की नाही? थांबलं की मुरतं. आणि माती उघडी ठेवायची नाही. आपण उन्हात उघड्या डोक्याने फिरतो का? तसंच तिचं. पाला, गवत, पुठ्ठे, काही तरी अंगावर हवंच."

"म्हणजे उतारावर ब्रेक हळूहळू दाबत यायचं," सासरे म्हणाले. "कळलं."

"आणि भात कोण खाणार तो?" बाई म्हणाल्या.

मुलगा खाली मान घालून जेवत होता. आई आणि बायको यांच्या मधल्या पाटावर बसणाऱ्याने मान वर करायची नसते, एवढं त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी सून सायकलच्या मागे भलं मोठं पोतं बांधून घरी आली.

"काय आणलंस?" बाईंनी विचारलं.

"पाला."

"भाजीचा?"

"नाही हो आई. रस्त्यावरचा. झाडाखाली पडलेला वाळका. लोक पेटवून देत होते, मी म्हटलं थांबा, मी नेते."

बाई खाटेवर बसल्या. बसल्याच. "अगं, उभा जन्म मी कचरा बाहेर काढला आणि तू पोती भरभरून आत आणतेस? उद्या दवाखान्यातल्या बायका भेटायला आल्या तर मी तोंड कुठे लपवू?"

"पाल्यात लपवा," यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले. "भरपूर आहे."

सुनेने तीन काठ्यांचा एक सांगाडा बांधला. दोन पाय आणि मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला लोंबणारा दगड. तो सांगाडा उतारावर पावलं टाकावीत तसा चालवत तिने एका पातळीच्या खुणा केल्या आणि त्या खुणांवरून सुटीच्या दिवशी नवऱ्याला हाताशी धरून उतारावर आडवे चर खणले. चराच्या खालच्या बाजूला माती चढवली, तिथे शेवगा, तूर, भोपळा असं काय काय लावलं आणि सगळ्यांच्या बुडाशी पाला पसरला. काम झाल्यावर तिच्या तळहातांना फोड आले होते आणि चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्यालाही हसू यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा पाला गायब.

"आई!"

बाईंचा चेहरा पडला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "अगं, मी मुद्दाम नाही केलं. उजाडलं, हात जोडले, खराटा उचलला. पुढचं हातांनीच केलं. झोपेतच होते म्हण ना मी."

असं पुन्हा झालं. पुन्हा झालं. शेवटी दोघींचं तोंड वाजलं. आवाज चढला आणि बाई रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलून गेल्या, "हे बघ, पावसाळा तोंडावर येईपर्यंत मी कोब्याचं नाव काढत नाही. तोवर या दगडात खाण्यासारखं एक, एक जरी काही धरवून दाखवलंस ना, तर मी हा खराटा खाली ठेवीन. कायमचा! नाही दाखवलंस तर गवंडी येईल आणि कोबा होईल. मग तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"कबूल," सून म्हणाली.

"आणि तोवर?" मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

तोवरसाठी त्यानेच तोडगा काढला. अंगणाच्या मधोमध दोन खुंट्या ठोकून निळी दोरी ताणली. दोरीच्या वरची चढाची बाजू सुनेची. खालची घराकडची बाजू आईची. ज्याने त्याने आपल्या हद्दीत राहायचं.

बाई शब्दाच्या पक्क्या. दोरीपलीकडे त्यांनी खराट्याचं टोकसुद्धा नेलं नाही. पण वारा काही कबूल झाला नव्हता. थंडी पडायला लागली तसा चढावरून घराकडे असा वारा सुटायचा की दारं आपटावीत. सुनेने पसरलेला कोरडा पाला रोज थोडा थोडा उडायचा, दोरीखालून सरसरत यायचा आणि बाईंच्या चकचकीत अंगणात येऊन पडायचा. आता हद्दीत आलेलं झाडायला कुणाची परवानगी लागते?

झाडलेलं टाकायचं कुठे हाही प्रश्न नव्हता. न्हाणीघराच्या मागे, कुंपणाच्या भिंतीशी, सगळ्यात सखल कोपऱ्यात गवंड्याने घर बांधताना विटा भिजवायला एक खड्डा खणला होता, तो तसाच पडून होता. यजमानांना छातीचा त्रास, त्यामुळे पेटवणं बंद. कचरागाडीचा भरवसा नाही. म्हणून पाला खड्ड्यात. भाजीची देठं, फळांची सालं खड्ड्यात. वर पुन्हा पाला, म्हणजे माशी बसायला नको. आणि घर पुसून झालं की बादलीतलं गढूळ पाणी? तेही खड्ड्यात, कडेकडेने, धूळ उडू नये म्हणून. त्या पाण्यात काही टाकलेलं नसे. फिनेलचा वास बाईंना घरात नको होता. "तो वास म्हणजे नोकरी," त्या म्हणायच्या. "घरात नुसतं पाणी आणि मनगट."

खड्ड्यापुढे एक जुनं पत्र्याचं दार उभं करून आडोसा केला होता. कचरा दिसायला नको ना. तिकडे दुसरं कुणी फिरकत नसे. तो बाईंचा इलाका.

दोरीच्या वर मात्र हाल सुरू होते. पाला उडून मुळं उघडी पडली. तूर पिवळी झाली, भोपळ्याने दोन पानं काढून राम म्हटला. सून कामावरून आली की हातपाय न धुता तशीच वर जायची. वाकायची. काहीतरी मोकळं करायची, काहीतरी झाकायची. पुढे पुढे नुसती उभी राहायची. बाई खिडकीतून बघायच्या. आपण जिंकतोय म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटायचंही, पण चहात साखर विसरल्यासारखं.

एका सकाळी बादली ओतताना त्यांना खड्ड्याच्या काठावर हिरवं काहीतरी दिसलं. गवत असेल म्हणून उपटायला वाकल्या, तर कातरलेल्या पानांची दोन रोपं. पपई! यजमानांना दुपारी पपई लागायची, तिच्या बिया सालांबरोबर खड्ड्यात गेल्या होत्या. मधोमध उगवलेली कोवळी रोपं पाण्याने सडून गेली होती. ही दोन काठावर होती, म्हणून तगली होती. बोटाएवढी, आणि उभी कशी! दवाखान्यात नव्याने लागलेल्या मुलींसारखी, ताठ.

बाईंचा हात रोपापर्यंत गेला आणि थांबला.

तो का थांबला ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. वॉर्डात किती तरी सकाळी त्यांनी पाळण्यांच्या खालची फरशी पुसली होती, वरचं बाळ जागं होऊ नये म्हणून श्वास धरून. तसाच श्वास धरून त्या मागे आल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल, दारापर्यंत. मग इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंचं पुसणं वाढलं. खोल्या दोनदा पुसल्या जायच्या. मुलगा म्हणाला, "आई, फरशी झिजेल." मग एके दुपारी बाई बादली घेऊन न्हाणीघरामागे गेल्या आणि वळतात तो यजमान पत्र्याच्या दाराशी उभे.

"मुकादम, माल कुठे लपवलाय?"

"कसला माल? काही नाही. कचरा आहे."

यजमानांनी मान लांब करून बघितलं. रोपं आता गुडघ्याच्या वर आली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना खोकला आला.

"हळू! लोकं जागी होतील."

"दुपारी? अगं, तू कोब्यावाली ना? आणि हे काय? तू तर सुनेचा खटला तिच्याच बाजूने लढतेयस!"

"मी काही लढत नाही," बाई म्हणाल्या. "उगवलंय ते देवाने उगवलंय. मी फक्त बादली ओतते. आणि तुम्ही तोंड उघडलंत तर पपई बंद. बघा!"

तेव्हापासून यजमान कटात सामील. पपईचं शास्त्र फळवाल्याला विचारून आले. "पपईत नर वेगळा, मादी वेगळी. लांब देठाला झुपक्याने फुलं लोंबली की समज नर. त्याला फळ धरत नाही. खोडाला चिकटून जाडसर कळी आली की मादी."

"आणि दोन्ही नर निघाले तर?"

"तर तू जिंकलीस," यजमान म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उठून बादली भरायला घेतली.

उन्हाळा तापला तसा गवंडी माप घ्यायला आला. हा मोठा बोलघेवडा माणूस, त्याला सगळे गवंडीकाका म्हणत. टेप हातात घेऊन तो दोरीच्या खाली फिरला, वर फिरला. "न्हाणीघरामागेही कोबा ना, ताई? तो खड्डा माझाच. आधी बुजवून घेऊ."

"तिकडचं माप मी देते," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तिकडे विंचू आहेत."

"विंचू?"

"हे एवढाले!" खिडकीतून यजमानांनी दोन्ही हात पसरून दाखवले. ते इतके पसरले होते की तेवढा विंचू जगात नसेल. गवंडीकाकांनी टेप गुंडाळली.

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर एक अवकाळी सर आली. घटकाभरच, पण वाजतगाजत. सगळीकडून पाणी रस्त्यावर धावलं. यांच्या अंगणातलं मात्र धावलं नाही. ते सुनेच्या रिकाम्या चरांमध्ये जाऊन बसलं, गुपचूप, शाळेच्या बाकावर बसावं तसं. सून कामावर होती. ती येईपर्यंत चर कोरडे झाले होते. "एकाही झाडाला उपयोग नाही झाला," ती म्हणाली, तिची झाडं तोवर गेलेलीच होती. पण बाईंना न्हाणीघरामागे वेगळंच दिसलं. पुढे कितीतरी दिवस खड्ड्याच्या वरच्या अंगाची माती ओलसर, गार राहिली, बादली ओतली नाही त्या बाजूलासुद्धा. बाईंनी हात लावून बघितला. मान वळवून चढाकडे बघितलं. चर, दोरी, उतार, खड्डा. पाणी कुठून आलं ते कळायला शिबिराची गरज नव्हती. पोरीने थांबवलेलं पाणी मातीच्या आतून चालत चालत खाली आलं होतं.

आणि मग कळ्या आल्या. एका झाडाला लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबायला लागले.

"हे तुम्ही," बाई यजमानांना म्हणाल्या. "नुसती शोभा. लटकायचं आणि वाऱ्यावर डुलायचं."

"आणि ती तू. कुणाला जवळ येऊ देत नाही," यजमान दुसऱ्या झाडाकडे बोट करत म्हणाले. त्या झाडाच्या खोडाला चिकटून जाडजूड, फिकट कळ्या बसल्या होत्या. काही दिवसांत त्यांतल्या दोन-तीन कळ्यांच्या जागी सुपारीएवढी हिरवी फळं धरली. बाईंनी दोन्ही हात जोडले. देवाने दिलं तर खरं, पण आता तोंड कसं दाखवायचं? फळ दाखवावं तर सगळ्या घरासमोर स्वतःचाच शब्द गिळायचा आणि खराटा ठेवायचा. ज्या हातांत उजाडताच खराटा नसेल त्या हातांचं करायचं काय? आणि नाही दाखवावं तर गवंडी येऊन खड्डा बुजवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये पपई.

"आज सांगते, उद्या सांगते" असं करत दिवस गेले. एका संध्याकाळी सून वरून खाली आली. हातात वाळलेल्या शेवग्याची काटकी. दोरीपाशी थांबली, खाली बसली आणि दोरीची गाठ सोडायला लागली.

"काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"आई, बोलवा गवंडीकाकांना. मी हरले." ती हसली, पण ते हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. "तुम्ही बरोबर होतात. सगळ्याच जमिनी ऐकतात असं नाही. मला फक्त वाटलं होतं की ही ऐकेल."

तिने दोरी गुंडाळली, खुंटीला टांगली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. त्या रात्री जेवताना तिने ताटात डोंगर केला नाही. यजमानांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी आमटीकडे बघितलं.

गवंडीकाका सकाळीच हजर. सिमेंटची पोती उतरवली, वाळूचा ढीग टाकला, घमेलं, थापी, फावडं मांडलं. मुलगा पाण्याचा पाइप जोडत होता. सून कामावर निघाली होती. सायकल हातात धरून ती मागच्या दारापर्यंत आली, एकदा चढाकडे बघितलं आणि वळली.

"आधी खड्डा," गवंडीकाका म्हणाले. फावडं खांद्यावर टाकून ते न्हाणीघराकडे निघाले. "विंचू असले तर बघून घेऊ."

"थांबा!"

बाईंचा आवाज असा फुटला की गवंडीकाका एक पाय उचललेला तसेच उभे राहिले. वॉर्डात ओल्या फरशीवर कुणी पाऊल टाकायला निघालं की हाच आवाज निघायचा.

"फावडं खाली. सूनबाई, सायकल लाव. इकडे ये."

"आई, मला उशीर..."

"ये म्हणते ना!" त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिला न्हाणीघरामागे नेलं. तिथवर मोठ्या तोऱ्यात गेल्या, पण पत्र्याच्या दाराशी पोचल्यावर थांबल्या. दाराकडे बघतच त्या म्हणाल्या, "आधी ऐक. तुझा पाला वाऱ्याने माझ्या हद्दीत यायचा. मी झाडून इथे टाकायचे. मुद्दाम नाही हं. त्याच्यावर भाजीची सालं, त्याच्यावर पुसायचं पाणी. मग जे झालं ते झालं, आणि मी सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर..." त्यांनी सुस्कारा सोडला आणि दार बाजूला सारलं.

दोन पपया. बाईंच्या डोक्याच्याही वर गेलेल्या. खाली काळाभोर, मऊ, पाल्याने झाकलेला खड्डा, त्यातून आपोआप उगवून पलीकडच्या भिंतीवर चढलेला एक भोपळ्याचा वेल, आणि मादीच्या खोडाला बिलगलेली हिरवी फळं. लहान मुलं आईच्या कमरेला बिलगतात तशी.

सूनबाई गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर माती वर काढली. वास घेतला. मातीत एक लठ्ठ गांडूळ वळवळत होतं.

"आई," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. खरं, खळखळून, थांबेना असं. "अहो आई! हेच तर! हेच शिकवलं होतं आम्हाला! सखल जागी खड्डा करायचा, त्यात पाला, घरातला ओला कचरा, वापरलेलं पाणी, आणि काठाने केळी-पपया. मी वर उतारावर डोकं आपटत बसले आणि तुम्ही इथे... काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"तुझा पाला होता," बाई पुटपुटल्या. "आणि पाणीही तुझंच. ती सर आली ना, तेव्हा तुझे चर भरले होते. इथे महिनाभर ओल होती. मी रोज हात लावून बघायचे."

सुनेने उठून मातीच्या हातांनीच सासूला मिठी मारली. बाईंच्या पांढऱ्याशुभ्र धुवट पदरावर काळी पाचही बोटं उमटली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी डाग पाहिला आणि झटकला नाही.

"मग कोबा?" मुलाने विचारलं. त्याच्या हातातल्या पाइपातून पाणी वाहत होतं, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"आणि विंचू कुठायत?" गवंडीकाका म्हणाले.

"ते बदलून गेले," यजमान म्हणाले. "पण मुकादम, शब्दाचं काय? खाण्यासारखं धरलंय. सगळ्यांदेखत बोलली होतीस."

बाई दारामागे गेल्या, खराटा घेऊन आल्या. त्याची मूठ त्यांच्या हाताच्या आकाराने झिजली होती. त्यांनी तो क्षणभर छातीशी धरला आणि मग हळूच, आवाज होऊ न देता, पपईच्या बुडाशी आडवा ठेवला.

"ठेवला," त्या म्हणाल्या.

सिमेंट आलंच होतं, ते वाया घालवायचं नाही म्हणून गवंडीकाकांनी मोरीपासून खड्ड्यापर्यंत एक छोटी पन्हळ काढून दिली, म्हणजे धुण्याभांड्याचं पाणीही खड्ड्याला. भांड्यांना साबणाऐवजी राख, असं सुनेने बजावलं. उरलेल्या सिमेंटमध्ये खड्ड्याशेजारी दोन माणसं बसतील एवढा ओटा केला. त्यावर पहिले बसले गवंडीकाका स्वतः. "खड्डा माझाच," ते म्हणाले. "पहिली पपई मला."

दुसऱ्या दिवशी उजाडलं. बाईंनी हात जोडले आणि उठून तशाच उभ्या राहिल्या. हातांना काही सुचेना. स्वयंपाकघरात गेल्या, परत आल्या. ओट्यावर बसल्या, उठल्या. अंगणात रात्रभर पडलेली पानं होती. त्या पानांकडे बघत होत्या आणि पानं त्यांच्याकडे बघत होती.

सून चहाचा कप घेऊन आली. शेजारी बसली.

"आई, एक अडचण आहे."

"काय गं?"

"या पावसाळ्यात मी वर अजून दोन खड्डे करणार, तुमच्यासारखेच. या वेळी पाला उघडा ठेवणार नाही, ओला करून वर दगड-काटक्या ठेवणार. पण पाला लागेल खूप. मी एकटी किती आणू? गल्लीभर पडलेला असतो, लोक पेटवतात, बाबांना खोकला होतो." तिने चहाचा घोट घेतला. "खराटा तुम्ही अंगणातला खाली ठेवलाय. गल्लीतल्या खराट्याबद्दल काही शब्द दिल्याचं मला आठवत नाही."

बाईंनी सुनेकडे बघितलं. या मुलीला आपण मऊ समजत होतो!

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "आपण गल्लीचं काही बोललो होतो का हो?"

"मी साक्षीदार आहे," आतून आवाज आला. "गल्लीचं ग सुद्धा नव्हतं."

त्या सकाळपासून ती गल्ली बघण्यासारखी झाली. टोकापासून सुरुवात, डावी-उजवीकडे, मागे मागे, आपल्या दारापर्यंत. दारोदारच्या बायका आधी हसल्या, मग आपापला पाला आयता काढून ठेवायला लागल्या. एका सकाळी बाई दोन्ही हातांनी पोतं ओढत मागच्या दाराने आत आल्या. केसात एक वाळकं पान अडकलेलं.

"मुकादम, काय आणलंत?" यजमानांनी ओट्यावरून विचारलं.

"पाला," बाई धापा टाकत म्हणाल्या. "सरका तिकडे. आणि चप्पल काढा, मातीवर पाय देऊ नका. ती आत्ताच झाकलीय."